बाप उभा दारात

भुजंगमामा गेल्याचं मला कुणी सांगितलं नाही, ते मला दिसलं. शाळेत मधली सुट्टी होती, मुलं खिचडीच्या रांगेत उभी होती आणि मी सहज फोन उघडला. गावच्या ग्रुपवर मामांचा फोटो होता. पांढरा फेटा, तोंड थोडं उघडं, वरून चिकटवलेला हार आणि खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. फोटोवर बोट पडलं आणि गाणं सुरू झालं... ‘चंदा, ये गं घरा, आभाळ आलं भरून, यार उभा दारात...’ मी घाईघाईनं आवाज बंद केला. खिचडी वाढणाऱ्या बाईंनी कोण गेलं म्हणून विचारलं, मी फोन त्यांच्यापुढं धरला. त्या ओळीत मामांनी ‘यार’ लिहिलं नव्हतं, ‘बाप’ लिहिलं होतं. ते गाणं वरातीत नाचायचं नव्हतंच, मेलेल्या लेकीसाठी केलेलं होतं. शब्द बदलला आहे हे मला फार आधी कळलं होतं आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला मी सांगितलं नाही. मामांना जाऊन आता दीड महिना झाला. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी त्यांच्यावर लिहा असा निरोप आला तेव्हा चांगलं तेवढंच लिहून देता आलं असतं. पण चांगलं तेवढंच लिहून देण्याचं काम मी एकदा केलेलं आहे.

मी मूळची हिंगोली शहरातली. लग्न होऊन वसमतजवळच्या हट्टा गावी आले तेव्हा हळद मला फक्त डब्यातली माहीत होती. पहिल्याच वर्षी सासूबाईंबरोबर उकडलेली हळद पसरायला गेले आणि कोपरापर्यंत पिवळी होऊन परत आले. किती घासलं तरी रंग जाईना. त्याच आठवड्यात दळण घेऊन गिरणीवर उभी होते, तिथल्या टेपवर एक बाई गात होती : ‘हळद उकडली, जाळ इझला गं, माझ्या हातचा रंग न्हाई गेला.’ मी डबा खाली ठेवला. नव्या घरात माझं जे काही चाललं होतं, ते कुणीतरी दोन ओळींत सांगून टाकलं होतं. गिरणीवाल्याकडून कॅसेटचं कव्हर मागून पाहिलं तर गायिकेचा फोटो मोठा, आणि अगदी खाली, मुंगीएवढ्या अक्षरात, ‘गीत : भुजंग, वसमत’. कव्हरवरच्या पत्त्यावर मी पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही.

भेट झाली ती बऱ्याच वर्षांनी. तोवर मी गावच्या शाळेत शिक्षिका झाले होते आणि सातवीच्या मुलांना हळद कशी तयार होते ते दाखवायला वसमतला घेऊन गेले होते. एका शेडमध्ये लोखंडी ढोल फिरत होता. आत हळकुंडं एकमेकांवर घासून त्यांची साल निघत होती. आवाज असा, की शेजारच्या माणसाचं बोलणं तोंडाच्या हालचालीवरूनच कळावं. ढोलाशी एक माणूस भुवईपासून पायाच्या बोटापर्यंत पिवळा होऊन उभा होता. मालक कौतुकानं म्हणाले, हा आमचा भुजंग, गाणी बी करतो. मी त्याच्या कानाशी जाऊन दोनदा ओरडून विचारलं, ‘माझ्या हातचा रंग’ हे तुमचं का? दुसऱ्यांदा त्याला ऐकू गेलं. तो हसला आणि त्यानं आपले दोन्ही तळहात माझ्यासमोर धरले.

त्यानंतर शनिवारची अर्धी शाळा सुटली की मी कधीमधी वसमतची बस धरायची. भुजंगमामा आणि सरूमामींचं दोन खोल्यांचं घर होतं. मामा गाणं म्हणून दाखवायचे, मी वहीत स्वच्छ अक्षरात उतरवून घ्यायची. मी सुचवलेले शब्द त्यांनी बहुधा घेतले नाहीत. एकदा ‘डोळे’च्या जागी मी ‘नयन’ सुचवला, तर म्हणाले, “बाई, नयन कोनाच्या गावात हायेत?” त्यांची मुलगी चंदा तेव्हा कॉलेजात होती. तिला बापाची सगळी गाणी पाठ, पण चालीत एकही म्हणता यायचं नाही आणि याचं त्या घरात कुणाला वाईटही वाटायचं नाही. पुढं तिचं लग्न झालं, कळमनुरी तालुक्यात तिला दिली. एका उन्हाळ्यात ती माहेरी आली होती. अवकाळीचं आभाळ भरून आलं म्हणून वाळत घातलेली हळद झाकायला शेतात पळाली, आणि पाऊस लागला म्हणून बाभळीखाली उभी राहिली. वीज त्याच बाभळीवर पडली... मामा त्या वेळी ढोलावर होते. निरोप घेऊन आलेला माणूस ओरडून सांगत होता आणि त्यांना ऐकू जात नव्हतं. शेवटी कुणीतरी ढोल बंद केला.

पुढची चार वर्षं त्यांनी एक ओळ केली नाही. कान आधीच अधू होते, त्या काळात ते पूर्ण गेले. छातीत धूळ बसलेली, खोकला थांबायचा नाही. बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघून ते समजून घ्यायचे, नाहीतर वही पुढं करायचे. आणि एका शनिवारी त्यांनी माझ्यापुढं चुरगळलेले कागद ठेवले. आठ गाणी होती, सहावं चंदाचं. त्या आठही गाण्यांची स्वच्छ प्रत मी केली. ‘बाप उभा दारात, कंदील हाती धरून’ ही ओळ नांदेडच्या स्टुडिओत गेली ती माझ्याच अक्षरात. तिथला एक ओळखीचा माणूस अल्बम करायला तयार झाला होता. मामा दोनदा जाऊन आले, काचेबाहेर बसून गाणाऱ्याचं तोंड हलताना बघून आले. चंदाच्या गाण्याच्या दिवशी मात्र त्यांना दम लागला म्हणून जाता आलं नाही.

अल्बम तयार झाला तेव्हा ते स्वतः हट्ट्याला आले. पेनड्राइव्ह कागदात गुंडाळून बंडीच्या खिशात ठेवला होता. मी स्पीकर लावला. ते समोर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “तुमी ऐका. मी तुमचं तोंड बगतो. तुमाला खोटं जमत न्हाई.”

मी ऐकू लागले. वीस वर्षं ज्याच्या शब्दांवर जीव टाकला त्याचा नवा अल्बम, आणि तो कसा झालाय हे त्याला माझ्या चेहऱ्यावरून कळणार... असं ऐकणं फार अवघड असतं. पहिलं गाणं वसमतच्या स्टँडवर बसची वाट बघणाऱ्या बायांचं. कीबोर्ड जरा जास्तच वाजत होता, पण गाणारा शब्द समजून गात होता. तिसरं नवराबायकोच्या भांडणाचं. त्यात बायको दर कडव्याला भाकरीचा आकार बदलते, त्याला मी मोठ्यानं हसले आणि मला हसताना बघून मामाही हसले. चौथं मला कागदावरच कच्चं वाटलं होतं, तसंच ते राहिलं होतं. पाचवं त्यांच्या ढोलाचं. वाजवणाऱ्यानं ढोलाचं ते जड फिरणं तबल्यात असं उतरवलं होतं, की माझ्या अंगावर काटा आला. हे एकच गाणं केलं असतं तरी पुरलं असतं असं मला आजही वाटतं. आणि मग सहावं सुरू झालं. लग्नाच्या बँडसारखी दणदणीत सुरुवात, मध्येच शिट्ट्या, आणि ‘यार उभा दारात’. ‘चंदा’ म्हणजे कुणाची तरी प्रेयसी करून टाकली होती. शेवटचं कडवं, ज्यात वीज येते, ते नव्हतंच.

मला रडू फुटलं. संताप होता, पण आलं ते पाणीच. मामा पुढं सरकले. त्यांच्या चेहऱ्यावर इतक्या वर्षांत न पाहिलेलं समाधान होतं. “रडू आलं ना बाई? मंग जमलं. चंदाचं जमलं.” त्याच क्षणी वही ओढून लिहायला हवं होतं. मी डोळे पुसले आणि मान हलवली. सातवं आणि आठवं गाणं कसं होतं ते मी ऐकलंच नाही. निघताना ते म्हणाले, प्रत्येक गाण्यावर दोन-दोन ओळी लिहून द्या, मला वाचायला व्हईल. मी चार पानं लिहिली. सहाव्या गाण्यापुढं लिहिलं, ‘सगळ्यात चांगलं हेच झालं आहे.’ चार वर्षांनी हा माणूस लिहू लागलाय, हे कळलं तर पुन्हा मिटेल, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे त्यांच्या चेहऱ्यावरचं ते समाधान पुसायचं काम मला करायचं नव्हतं.

दोन महिन्यांत ते गाणं वारंगा फाट्यापासून वसमतपर्यंत प्रत्येक वरातीत वाजू लागलं. माझ्या पुतण्याचं लग्न वसमतला होतं. मामांना बोलावणं गेलं होतं आणि ते आले. भर दुपारी नवरदेव मारुतीच्या पाराकडं निघाला होता. आम्ही मंडपाच्या तोंडाशी खुर्च्यांवर बसलो होतो. डीजेची गाडी समोर आली. आमच्यातल्या एकानं मामांच्या खांद्यावर हात ठेवून, तोंड त्यांच्यासमोर नेऊन, सावकाश सांगितलं, तुमचंच गाणं हाय मामा, चंदाचं. त्या माणसाला खरोखरच अभिमान वाटत होता. मामा उठून उभे राहिले. पोरं दातात रुमाल धरून नाचून राह्यली होती, मागची पोरं गाणं तोंडानं म्हणत होती. मामा त्यांच्या ओठांकडे बघत राहिले. धृपद एकदा झालं, दुसऱ्यांदा आलं. ‘बाप’ म्हणताना ओठ मिटतात. ‘यार’ म्हणताना मिटत नाहीत.

त्यांनी माझ्याकडं वळून विचारलं, “बाई, तुमी ऐकलं व्हतं ना?”

मी मान हलवली. त्यांनी जोडे शोधून पायात घातले आणि न जेवता निघून गेले. मंडपातून त्यांची पाठ दिसत होती, गर्दीतून एका बाजूनं जाणारी.

स्टुडिओवाल्याला मी फोन केला. तो उद्धट नव्हता, समजावून सांगत होता. म्हणाला, मॅडम, बापावर कोण नाचतं? पंधरा दिवस मला मामांच्या घरी जायचा धीर झाला नाही. गेले तेव्हा बसच्या प्रवासातच वहीत सगळं लिहून नेलं होतं, का सांगितलं नाही तेही. त्यांनी ओळीवर बोट ठेवत शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाले, “मी जाऊन आलो नांदेडला. पायरीवर बसलो व्हतो. त्यानं कागदावर लिहून दिलं का, आता समद्यांच्या फोनात गेलं, मागं घेता येत न्हाई.” खोकला आला, तो थांबेपर्यंत मी पाण्याचा तांब्या धरून उभी होते. “तवाच सांगितलं असतं बाई, तर दोगं मिळून गेलो असतो.” एवढंच. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर त्यांनी काही लिहिलं नाही. छाती भरत गेली. शेवटची भेट दवाखान्यात झाली. त्यांना खाटेवर बसतं करून ठेवलं होतं, कारण आडवं झालं की श्वास अडकायचा. मी शाळेचं काहीबाही सांगत राहिले, ते ओठांकडे बघत होते. मला पुन्हा एकदा माफी मागायची होती. पण ते दमले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. डोळे मिटले की त्यांच्याशी बोलणं संपायचं. मी थोडा वेळ बसले आणि बसची वेळ झाली म्हणून उठले.

चौदाव्याचं उरकल्यावर मी सरूमामींना भेटायला गेले. पाहुणे परतले होते. मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी काही बोलायच्या आतच त्या म्हणाल्या, “मी पैल्याच आठवड्यात ऐकलं व्हतं ते गानं, शेजारनीच्या फोनात. माझ्या लेकीचं नाव घेऊन शिट्ट्या वाजवल्या त्या. पन ह्यायला कसं सांगू? मला वाटलं, बाई शिकलेल्या हायेत, त्या सांगतील.” म्हणजे आम्ही दोघींनी ते एकमेकींवर टाकलं होतं आणि मामा मध्ये बसून चार पानं पुन्हा पुन्हा वाचत होते.

मग त्यांनी ते गाळलेलं कडवं म्हणून दाखवायला सांगितलं. त्यांना वाचता येत नाही, आणि मामांनी ते त्यांच्यासमोर कधीच म्हटलं नव्हतं. मला गाता येत नाही. मी नुसतं म्हटलं :

‘बाभळीच्या बुडाशी तुझी भाकर ऱ्हायली बांधून,
वीज आली, चंदा गेली, घर गेलं आंधळून.’

मामींनी पहिली ओळ पुन्हा म्हणायला लावली. नंतर म्हणाल्या, “भाकर न्हवती बांधलेली. जेवून गेली व्हती ती, मी वाढलं व्हतं. ह्यायला काय ठावं, हे तर ढोलावर व्हते.” आणि पुन्हा एकदा, स्वतःशीच, “जेवून गेली व्हती.”

चहा ठेवते म्हणून त्या आत गेल्या. आतून त्यांनी विचारलं, साखर किती टाकू, आणि ते इतक्या मोठ्यानं की शेजारची बाई काय झालं म्हणून दारात येऊन गेली. मामी पदराला हात पुसत बाहेर आल्या. “सवय लागली बाई,” त्या म्हणाल्या. “ह्यायला तर शेवटी काहीच ऐकू येत न्हवतं, तरी मी आपली वरडायची. आता घरात कोनी न्हाई, पन आवाज खालीच येत न्हाई.”

मी म्हटलं, एकच चमचा टाका. तेही मोठ्यानंच.