दसऱ्याला धुतलेली बाटली

मी सातवीवरच शाळा सोडलेली. माझी धाकटी जाऊ नागपूरची, मॅट्रिक पास. पण सौंसरजवळचा आमचा संत्र्याचा बगीचा पाठ होता तो मला. कोणत्या झाडाची फळं आधी गळणार, हे मी नुसती पानं बघून सांगायचे. ऐंशी साल उलटल्यावर नागपूरहून एक सर आले. पाऊस मागेपुढे झाला की संत्र्याची गळ का वाढते, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. झाडांची माहिती कोणाला आहे, हे त्यांनी विचारलंच नाही. घरात जास्त शिकलेलं कोण, एवढंच विचारलं.

नोंदींची वही जावेला मिळाली. बगीच्यात खांब रोवून त्यांनी पावसाची बाटली बसवली, वर पत्र्याचं नरसाळं. रोज सकाळी साडेआठला पाणी मोजायचं, लिहायचं, बाटली रिकामी करायची. वर्षभर एकही खाडा पडला नाही तर पुढचं सगळं काम आमच्याकडे, नाहीतर बाटली बोरगावच्या बगीच्यात जाणार होती.

अंबाड्यात पेन्सिल खोचून ती निघाली की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मोठी आली संशोधन करणारी! भाकरी धड फुगत नव्हती तिची. सासरे येईल त्या पाहुण्याला सांगायचे, "आमची लहानी सून सायन्सचं काम करून राहिली." त्याच पाहुण्यापुढे चहा ठेवणारी मोठी सून मात्र कोणाला दिसत नसे.

दहा महिने खाडा नव्हता. दसऱ्याच्या आदल्या रात्री पाऊस झाला. सकाळी विहिरीवर आम्ही विळे, फावडी, कुऱ्हाडी, सगळी अवजारं धुऊन पूजेला मांडत होतो. जाऊ घरात पुरणात अडकलेली. मी खांबापाशी गेले. बाटलीत चार बोटं पाणी होतं. ते मी झाडाच्या बुडाशी ओतलं, बाटली राखेने लख्ख घासली, कुंकवाचं बोट लावलं आणि विळ्यांच्या रांगेत ठेवली. तेही अवजारच ना! कोणी विचारलं तर हे उत्तर माझ्याजवळ तयार होतं.

साडेआठला ती वही घेऊन आली. रांगेतली बाटली बघून तिचा चेहरा उतरला. मलाच राहवलं नाही. म्हणाले, "चार बोटं होतं. लिहून टाक ना."

"तुम्ही पाह्यलं होतं, बाई?"

मी कुंकवाची वाटी उचलून पुसत बसले. तिने वही उघडली आणि तारखेपुढची जागा कोरी ठेवून मिटली. "अंदाजानं नाही लिहत जी," एवढंच बोलली.

पुढच्या खेपेला सरांनी ती कोरी जागा दाखवली. सासरे शेजारीच उभे होते, मी दाराआड. ती म्हणाली, "दसऱ्याची अवजारं धुतली जी. माह्याच हातून झालं."

बाटली बोरगावला गेली. सासरे कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाहीत, आणि मी तोंड उघडलं नाही. बाटली गेल्याच्या दुसऱ्या दिवशी साडेआठला ती सवयीने खांबापर्यंत गेली, परत आली आणि माझ्याजवळ भाकरी थापायला बसली. पेन्सिल अंबाड्यातच होती.

आता पाहुण्यांपुढे आम्ही दोघी सारख्याच झालो होतो, मला हवं होतं तसं. तरी माझं जळणं काही थांबलं नाही. तिच्या जागी मी असते, तर सासऱ्यांना जावेचं नाव सांगून मोकळी झाले असते.