लाल पिशवीतली सुई

"या ताई, समोर या. लाजू नका."

मी उठली. उजव्या हाताच्या बोटाले कापूस बांधला होता, वरून चिकटपट्टी. हात ओढणीखाली लपवला. दवाखान्याच्या सगळ्यात वरच्या मजल्यावरचा हॉल होता तो. खुर्च्यांवर आमच्या कामावरच्या साऱ्या बाया, वॉर्डबॉय, मागं दोन-चार सिस्टर. पहिल्या रांगेत एचआरची मॅडम. अन् माझ्या बाजूले कोट घातलेले सर. ते आमचे विचार बदलाले आले होते.

"हात वर करा. सगळ्यांना दिसू दे."

केला.

"आता सांगा, हे कोणामुळे झालं?"

मी मॅडमकडं पाहिलं.

"सिस्टरमुळे? दवाखान्यामुळे? नशिबामुळे?" सर एकेक नाव घेत गेले तसे लोक हसत गेले. "नाही ताई. बोट बाहेर दाखवायचं नाही, आपल्याकडे वळवायचं. म्हणा माझ्यामागे. माझ्या आयुष्यात जे होतं, त्याला मीच जबाबदार आहे."

मी म्हटलं.

"मोठ्यानं."

मोठ्यानं म्हटलं.

टाळ्या वाजल्या. पुष्पानंही वाजवल्या. पुष्पा म्हणजे माझ्याच वॉर्डात माझ्यासोबत पोछा मारणारी, एका डब्यात जेवणारी. मी तिच्याकडं पाहिलं तं तिनं मान खाली घातली, पण हात काही थांबवले नाही. मले राग नाही आला तिचा. टाळी नसती वाजवली तं पुढचा नंबर तिचाच लागला असता.

माझं बोट ठणकून राहिलं होतं. सकाळीच त्यात सुई घुसली होती. कोणाची सुई, कोण्या पेशंटची, त्याले काय बिमारी, कोणाले माहीत नाही. खालच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, औषध आजच सुरू करा, जितकं लवकर तितकं बरं. अन् मी वरती टाळ्या घेऊन राहिली होती.

कसं झालं ते सांगते.

रामदासपेठेतला मोठा दवाखाना आहे आमचा. आमचा म्हणते, पण तो आमचा नाही. आम्ही ठेकेदाराच्या बाया. आमच्या कामाले हाऊसकीपिंग म्हणतात. नाव नवं आलं, पण काम करणाऱ्या बाया त्याच जुन्या वस्त्यांमधून येतात. मी जरीपटक्याकडून येते. पहिल्या दिवशी सुपरवायझरनं आडनाव विचारलं. मी सांगितलं. पुढं त्यानं काहीच विचारलं नाही, सरळ संडासाची बादली दाखवली.

दवाखान्यात कचऱ्याचा कायदा आहे. रक्ताचं, पट्ट्याचं पिवळ्या पिशवीत. नळ्या, प्लास्टिक लाल पिशवीत. अन् सुया वेगळ्याच, पांढऱ्या कडक डब्यात. ते काम सुई टोचणाऱ्यानं तिथल्या तिथंच कराचं असते. आमाले डब्याले हात लावाचा नाही. कायदा चांगला आहे. पण वॉर्डात गर्दी झाली, डॉक्टर ओरडला, की सुई जिथं हात पोचते तिथं जाते. तिले कोण विचारते?

अन् आमचाही एक कायदा होता, भिंतीवर न लिहिलेला. पिशवी भरली तरी बदलाची नाही, दाबाची. सुपरवायझर सकाळीच मोजून पिशव्या देत असे. दुसरी मागितली का म्हणे, "घरी नेऊन चादर शिवते का वं?" मंग आम्ही काय करू? वरून हातानं दाबत जाऊ. हातमोजे असत, पण पातळ, पोरीबाळी फुगे फुगवतात तसे. दाबलं का कचरा खाली बसे, वरती जागा होये. साऱ्याच बाया असंच करत. नवीन आली का जुनी तिले हेच शिकवे. मीच पुष्पाले शिकवलं होतं.

त्या दिवशी लाल पिशवी दाबली अन् बोटात चर्रर्र झालं. हात ओढला तं मोज्याच्या आत लाल. अन् मी काय केलं सांगू? मोजा काढला अन् बोट तोंडात घातलं. भाजी चिरताना विळी लागली का घालतो ना आपण, तसंच. चोखलं. मंग चव लागली अन् मले कळलं, अरे माय, हे मी काय केलं! थुंकली. नळ सोडला, बोट धुतलं, चूळ भरली, परत भरली.

सिस्टर म्हणे, "साबणानं धुवा, अन् खाली जा." खालचा डॉक्टर तरणा होता, बरा बोलला. म्हणे, "सुई कोणाची ते कळणार नाही, म्हणून धोका धरूनच चालायचं. एचआयव्हीची गोळी लागेल, काविळीचं इंजेक्शन लागेल. आजच. एचआरचं पत्र आणा, मी देतो."

एचआयव्ही. हा शब्द त्यानं असा सांगितला जसा कोणी साखर संपली सांगते.

एचआरच्या मॅडमकडं गेली. मॅडमनं बोट पाहिलं नाही, घड्याळ पाहिलं. म्हणे, "आत्ता सेशन आहे. तुम्हा लोकांसाठीच ठेवलंय. आधी ते करा, मग बघू."

"मॅडम, डॉक्टर म्हणते लवकर—"

"अहो, एका तासानं कोणी मरत नाही."

मी गेली वरती. आता विचारसान, काहून गेली? तुले पाय नव्हते काय? होते. पण पंधरा-वीस वर्षं झाली, त्या पायाईले एकच माहीत, जिकडं बोलावलं तिकडं जाणं. घरी पोरगी बारावीत. नवऱ्याले पेंटिंगचं काम कधी असते, कधी नसते. मी हो म्हणणारी बाई. मी एका बाजूनं भ्याली अन् दुसऱ्या बाजूनं म्हटलं, मॅडम शिकलेली आहे, तिले माहीत असन.

त्या हॉलमध्ये मॅडमनंच सराईले माझ्याबद्दल सांगितलं. मी पाहिलं, कानात सांगितलं. त्याईले आयतं उदाहरण भेटलं.

टाळ्या झाल्यावर मी खाली बसली. सर पुढं बोलून राहिले होते. म्हणे, परिस्थिती वाईट नसते, विचार वाईट असतात. म्हणे, गरिबी खिशात नसते, डोक्यात असते. म्हणे, जो रडतो तो तिथंच राहतो, जो जबाबदारी घेतो तो पुढं जातो. चांगलं बोलत होते. खोटं नाही सांगत, मले त्यातलं अर्धं पटलंही. म्हणूनच तं जास्त लागलं. मले वाटाले लागलं, खरंच ना बाई, पिशवी कोणी दाबली? तूच ना? तुले समजलं नाही? तुझंच चुकलं.

हे मले नवीन नव्हतं. शाळेत मास्तर मले मागं बसवे अन् मागं बसून दिसलं नाही का म्हणे, तुझं लक्षच नाही. मी म्हटलं, हो, माझं लक्ष नाही. पहिलं पोरगं पोटात गेलं, सासू म्हणे, तुझ्याच अंगात काही आहे. मी म्हटलं, असन. नवरा दारू पिऊन आला, शेजारीण म्हणे, बाईले सांभाळता येत नाही. मी म्हटलं, नसन येत. लहानपणापासून हेच म्हणत आली मी, माझंच चुकलं. तो सर तं आज आला. मी तं जन्मभर याच क्लासात बसून आहे, पहिल्या नंबरात पास.

बोट ठणके. रडावं वाटे. पण बाकीच्या बायाईसमोर काय रडू? सर म्हणत होते, रडणं ही दुबळ्यांची सवय.

मंग सर म्हणे, "आता सगळे उभे राहा. डोळे मिटा. म्हणा, आजपासून मी कोणालाही दोष देणार नाही."

सारे म्हणाले. मी पण ओठ हलवले. डोळे मिटले तं अंधारात मले पोरगी दिसली. संध्याकाळी मी घरी गेली का ती माझ्या हातचा घास मागते, अजून, एवढी घोडी झाली तरी. मी भाकर मोडून तिच्या तोंडात घालते. या बोटानं. मले काही माहीत नव्हतं तेव्हा, ते घासानं होत नाही हे मंग कळलं. तेव्हा एवढंच समजलं, माझं बोट आता माझ्या पोरीच्या तोंडाजवळ जाऊ शकत नाही.

मी डोळे उघडले. चालत पहिल्या रांगेत गेली, मॅडमच्या समोर.

"मॅडम, पत्र द्या."

मॅडमनं हळूच सांगितलं, म्हणजे फक्त मले ऐकू येईन असं. "हे बघा, आत्ता तुम्हीच सगळ्यांसमोर म्हणालात ना, तुमची चूक आहे म्हणून? मग दवाखाना कसा देणार? ठेकेदाराला विचारा. दोन-चार दिवस थांबा, ताप आला तर बघू."

मले साऱ्याईसमोर ते काहून म्हणाले लावलं, ते कळलं. ते विचार बदलणं-बिदलणं काही नव्हतं. चोर सोडून संन्याशाले फाशी होती, अन् संन्याशाकडूनच वदवून घेतली होती.

"सर," मी म्हटलं. माझा आवाज फाटला. बाया डोळे उघडून पाहाले लागल्या.

"बोला ताई! छान! शेअर करा."

"सर, पिशवी मी दाबली. ते माझं. मी घेते. सुई मी नाही टाकली. ती ज्यानं लाल पिशवीत टाकली, त्याले उभं करा इथं. एक पिशवी जास्तीची मागितली तं आमाले शिव्या देणाऱ्याले उभं करा. अन् औषध अडवून या मॅडम बसल्या आहेत, त्याईले उभं करा. मंग मी पुन्हा येते अन् त्याईच्या बाजूले उभी राहते. माझा वाटा माझा. तुमचा वाटा मी नाही उचलत."

सर हसले. तसंच, दात दाखवून. "बघा, हीच ती मानसिकता," ते लोकाईले म्हणाले.

मी दाराकडं चालाले लागली. सुपरवायझर दारात आडवा झाला. "कुठं चालली वं? ड्युटी सोडून?"

"औषधाले."

"गेली तं उद्या येऊ नको."

मी भ्याली होती. हे लपवत नाही. लोक म्हणतात, विद्रोह केला का अंगात आग येते. माझ्या तं अंगात थंडी भरली होती. मी त्याच्या बाजूनं निघाली. लिफ्टनं नाही गेली, लिफ्ट आमाले नाही. पायऱ्या उतरत उतरत खाली आली अन् ऑटोत बसून सरकारी दवाखान्यात गेली.

तिथं लाईन होती. सरकारी लाईन, लवकर सरत नाही. मी बेंचावर बसली. बाजूची बाई विचारे, "तुले काय झालं बाई?" मी म्हटलं, बोट कापलं. खरं सांगाची हिंमत नाही झाली. आतमध्ये एक ताई होती, तिनं सारं विचारलं, लिहून होये तोवर माझा हात सोडला नाही. म्हणे, "वेळेत आल्या तुम्ही. पण गोळ्या महिनाभर चुकवायच्या नाही. अन् पक्कं तीन महिन्यांनी कळेल."

"तोवर?"

"तोवर थांबायचं."

थांबाचं. गोळीनं मळमळते, तोंड कडू होते. भात पाहिला का उलटी येते. नवऱ्यापासून दूर झोपते, त्याले सांगितलं तं तो रात्रभर भिंतीकडं तोंड करून पडला. पोरीले सांगितलं, ॲसिडिटी आहे. ती परवा ताट घेऊन आली अन् तोंड उघडून बसली, लाडानं. मले माहीत आहे घासानं काही होत नाही, त्या ताईनं मले दोनदा समजावलं. तरी माझा हात उचलला नाही. पोरगी ताट घेऊन उठली. ते मी कोणाच्या खात्यात टाकू, सांगा?

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेली. सुपरवायझरनं काढलं नाही. माणसं कमी होती म्हणून, दुसरं काही नाही. मले तळमजल्यावर टाकलं, धुण्याच्या खोलीत, जिथं दिवस हाय का रात्र कळत नाही. मॅडमनं पत्र दिलं नाही ते नाहीच. त्या सराईचं सेशन पुढच्या महिन्यातही आहे, बोर्डावर लागलं. काही बदललं नाही. मी खोटं काहून सांगू?

फक्त एक झालं. परवा पुष्पा धापा टाकत तळमजल्यावर आली. बोट धरून. चेहरा पांढरा फटक.

"बाई, सुपरवायझर म्हणते कोणाले सांगू नको," ती रडाले लागली. "म्हणे, तूच दाबली ना, मंग तूच भोग."

मी तिचं बोट नळाखाली धरलं. तिनं तोंडात घातलं होतं काय, विचारलं. नाही म्हणे. साबण लावला. ओल्या चादरी मशीनमध्ये तशाच टाकल्या अन् तिचा दंड धरला.

"कुठं?"

"चाल. आधी औषध. पत्र-बित्र मंग."

"अन् नोकरी?"

"मले माहीत नाही पुष्पा. नोकरीचं मले खरंच माहीत नाही. आधी चाल."

गेटवर वॉचमननं अडवलं. मी थांबली नाही. माझा रिपोर्ट अजून यायचा आहे. तो कसा येईन, मले माहीत नाही, अन् माझ्या हातात नाही. कामावरून काढतीन तं काढतीन. पण आता आमच्यातल्या कोण्याही बाईच्या बोटातून रक्त निघालं, तं तिले मी कोणासमोर हात वर करून उभी राहू देणार नाही. तिले पहिले सरकारी दवाखान्यात नेणार. कोणाचं चुकलं ते वापस आल्यावर सांगू, अन् आम्ही सांगू, सर अन् मॅडम नाही.