मेस्त्रीचाचांची नाली

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते रहीम मेस्त्रीचाचांचे. त्यांनी मला कामावर घ्यायला नकार दिला होता.

कापसाला भाव नव्हता ती वर्षं. आमच्या तालुक्याच्या गावातली जिनिंग बंद पडली आणि तिथं हमाली करणारे माझे बाबा घरी बसले. मी नुकताच दहावी झालो होतो. बाबा मला घेऊन दारव्हा रोडवरच्या चाचांच्या गॅरेजात गेले. चाचा एका जीपखालून सरकत बाहेर आले, हात पुसले, मला खालीवर पाहिलं आणि म्हणाले, "जागा नाही."

"मेस्त्री, काम त पडून आहे," बाबा म्हणाले. खरंच दोन गाड्या उघड्या पडल्या होत्या.

"काम हाय, जागा नाही. शामराव, याले शिकव. पाने-पकड काय पळून चालले? नापास झाला त घेऊन ये."

पुढं प्रत्येक निकालाच्या दिवशी मी गॅरेजवरून जायचो. "झाला का नापास, बाबू?" चाचा विचारायचे. "नाही, चाचा." "मग जागा नाही." एवढं बोलून ते पुन्हा जीपखाली जायचे. माझं अभिनंदन त्यांनी कधी याहून वेगळं केलं नाही.

चाचांच्या स्कूटरला पाण्याची कॅन बांधलेली असे. ती रेडिएटरसाठी, असं ते सांगत. पण कोणाचं नवीन घर असो, नवीन रस्ता असो की लग्नाचा मांडव, चाचा कॅनचं बूच काढून थोडं पाणी जमिनीवर ओतायचे आणि हात मागं बांधून त्या पाण्यामागं चालत जायचे. उन्हाळ्यात बाया वैतागत. "चाचा, इथं प्यायले पानी नाही अन् तुमी सांडून राह्यले."

"सांडून नाही राह्यलो मा, विचारून राह्यलो."

"काय विचारून राह्यले?"

"कुठी चाललं म्हनून."

आमच्या वॉर्डातून ते नगरसेवक झाले तेव्हा ही सवय सभागृहातही गेली. विषय कोणताही असो, मेस्त्रीचाचा उठून विचारणार, "ते ठीक हाय, पन पानी जाईन कुठी?" एकदा वाचनालयाच्या खुर्च्यांचा विषय होता, तेव्हाही त्यांनी हेच विचारलं. सगळे हसले. चाचा म्हणाले, "हसा. छत गळते तिथचं, खुर्च्या सडतीन."

मग बंद जिनिंगच्या वरच्या अंगाला लेआउट पडला. शेतीवर भागेना म्हणून बोरी अरबकडच्या खेड्यांतली माणसं तालुक्यात प्लॉट शोधत होती. काळ्या रानात चुना लावलेले दगड रोवले गेले, झेंड्या लागल्या. बाबांनीही कोपऱ्यातल्या सगळ्यात लहान प्लॉटचा इसार दिला. आम्ही उताराच्या खालच्या बस्तीत राहत होतो. बाबांना उंचावर घर हवं होतं. रविवारी ते आईला घेऊन जात आणि चार दगडांच्या मधे उभं राहून दाखवत, "इथं चूल. इथं पोराचं टेबल."

लेआउटच्या मालकानं आतले रस्ते आणि नाल्या करायच्या, नगर परिषदेत विकास शुल्क भरायचं, हे ठरलेलं होतं. पण आतल्या नाल्या फाटकाशी येऊन संपत होत्या. तिथून उताराखालच्या ओढ्यापर्यंत पाणी कोण नेणार? मधे होती आमची बस्ती. सभेला बोलावलेले मालक म्हणाले, ते नगर परिषदेचं काम. काही सदस्य म्हणाले, निधी आला की करू.

चाचा उठले. "निधी येईन तवा येईन. पानी निधीची वाट पाह्यते काय? ज्यानं नवीन वस्ती आणली त्यानं तिचं पानी वढ्यापर्यंत नेऊन द्यावं. आमची बस्ती त्याचा खर्च बी कायले देईन, अन् पानी घरात बी कायले घेईन?"

"चाचा, तो खर्च मी कुठून आणू?" मालक शांतपणे म्हणाले. "प्लॉटवरच चढवा लागेल. अन् नाली न्यायले मधात जागा कुठी आहे?"

मग चाचांनी त्यांच्या स्वभावाला धरून एक गोष्ट केली. सगळ्या सदस्यांना लेआउटच्या फाटकावर बोलावलं आणि पाण्याचा अख्खा ड्रम आडवा केला. पाणी सरळ बस्तीत शिरणार, असं त्यांनी छातीठोक सांगितलं होतं. नगर परिषदेचे ओव्हरसियर साहेब हळूच म्हणाले होते, "चाचा, नकाशात उतार जरा वेगळा दिसतो." चाचांनी ऐकलं नाही. पाणी दारव्हा रोड ओलांडून आलं, वळलं आणि थेट समोरच्या चाचांच्या गॅरेजात शिरून गाडीखाली उतरून काम करायच्या खड्ड्यात जाऊन बसलं. बस्ती कोरडी राहिली.

"घ्या! गॅरेजसाठी नाली पाह्यजे, असं सरळ म्हना ना, मेस्त्री," एक सदस्य म्हणाले. हशा झाला. सगळ्यांत आधी चाचाच हसले. खड्ड्यापाशी उकिडवे बसून त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "बरं, आता माहा खड्डा भरला. पावसाचं पानी एक ड्रम येईन काय? हा भरल्यावर ते बस्तीतच जाईन." कोणी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतं.

पुढच्या सभेत ते कागद घेऊन आले. ओढ्याकडं जाणारी सरळ रेघ गॅरेजच्या समोरच्या भागातून जात होती. तेवढी जागा त्यांनी नालीसाठी लिहून दिली. त्यात अर्धं शेड गेलं, खड्डाही गेला. "आता जागा हाय," ते मालकांना म्हणाले, "अन् माहा फायदा बी मिटला." यानंतर विरोध करणं कोणाला जमलं नाही. ओढ्यापर्यंतच्या नालीचा खर्च लेआउटवर बसला.

आणि मालक म्हणाले होते तसंच झालं. प्लॉटचा भाव चढला. बाबांना तो झेपेना. ते इसार परत घेऊन आले आणि तडक गॅरेजात गेले. मी मागोमाग गेलो.

"मेस्त्री, तुमच्या नालीनं माहा प्लॉट नेला."

चाचा जुन्या टायरवर बसले. "हो, नेला," म्हणाले. बाबा भांडायला गेले होते, पण भांडायला समोर कोणी उरलंच नाही. चाचा खाली पाहत म्हणाले, "नाली सगळ्याइची होती, शामराव, प्लॉट तुह्या एकट्याचा होता. तुले आधी येऊन सांगायले पाह्यजे होतं."

बाबांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. मी मात्र जात राहिलो. एकदा चाचा मला म्हणाले, "बाबू, नवीनवाल्यानं भरावं, हे बरोबर. पन नवीनवाल्याइत शेठ एकच राह्यते, बाकी सारे तुह्या बापासारखे. तो फरक कुठी धरायचा, मले समजलं नाही. तू शिकून राह्यला, तू पाह्य."

पुढल्या पावसाळ्यात एका दुपारी वरून गढूळ लोंढा आला आणि आमच्या दारावरून नालीतून निघून गेला. बाबा चौकटीला हात लावून बराच वेळ पाहत होते. मग आत जाऊन सदरा घातला आणि गॅरेजकडं गेले. तिथं काय बोलणं झालं, मला माहीत नाही. परत आले तेव्हा हाताला ग्रीस लागलेलं होतं.

मी सिव्हिलची पदवी घेतली. आमच्या घराण्यातली ती पहिली. नगर रचनेच्या कार्यालयात नोकरी लागली, ती दुसऱ्या जिल्ह्यात. तोवर चाचांचे गुडघे गेले होते. उरलेलं गॅरेज बंद करून ते पांढरकवड्याला मुलीकडं राहायला गेले. तिथं मी त्यांना एक पत्र पाठवलं. त्याचं उत्तर आलं नाही. ते वारल्यावर मी भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या मुलीनं सांगितलं, की पत्र ऐकून अब्बा खूप हसले आणि म्हणाले, "त्याले लिही, जागा नाही." ते लिहायचं तिच्याकडून राहून गेलं. पत्र तिनं मला परत दिलं. ते असं आहे:

आदरणीय मेस्त्रीचाचा, सलाम.

काल पहिल्यांदा एका लेआउटचा नकाशा माझ्या एकट्याच्या भरवशावर आला. जागेवर गेलो. गाडीतली पाण्याची कॅन काढून फाटकासमोर ओतली, तर मालक म्हणाले, "साहेब, हात धुवायले आत नळ आहे." मी पाण्यामागं चालत गेलो. ते शेजारच्या शाळेच्या आवाराकडं वळलं. ओढ्यापर्यंतच्या नालीचा खर्च लेआउटवर घ्यावा, असं टिपणीत लिहिलं.

तुम्ही माझ्यावर सोडलेलंही लिहिलं. मोठ्या आणि रस्त्यावरच्या प्लॉटवर त्या खर्चाचा वाटा जास्त पडावा, कोपऱ्यातल्या लहान प्लॉटवर कमी. नियमात तशी सोय दिसत नाही. साहेबांनी टिपणी वाचून ठेवून घेतली. बाबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "मेस्त्रीले कळव."

निर्णय लवकरच कळेल. नापास झालो तर येतो. जागा ठेवा.

तुमचा,
बाबू