आधी सोमाला काढ

१९९८ साली मी इंजिनिअर रेजिमेंटमध्ये नाईक होतो. युनिट पठाणकोटच्या बाजूला होतं. काम ठरलेलं. पूल टाकायचे, सुरुंग पेरायचे, पेरलेले काढायचे. मे महिन्यात तीस दिवसांची रजा मिळाली आणि मी नाशिकला आलो. घर म्हणजे शरणपूरमध्ये आजोबांच्या दोन खोल्या. माझे वडील मी चार वर्षांचा असताना वारले. मला आजोबांनीच वाढवलं.

आजोबांचं नाव शमुवेल पगारे. धंदा गवंड्याचा, पण घरांपेक्षा विहिरी जास्त बांधल्या. त्यांचा दिवस पाचला सुरू व्हायचा. तोंड धुऊन पवित्र शास्त्रातला एक अध्याय मोठ्यानं वाचायचा, मग गुडघे टेकून प्रार्थना. घरातल्या प्रत्येकाचं नाव घेत. मी फौजेत गेल्यावर माझ्या कंपनी कमांडरचंही नाव त्यात आलं. मी ते एका पत्रात लिहिलं होतं, तेवढंच. कामावर पहिला दगड बसवण्याआधी टोपी काढून ते अर्धा मिनिट गप्प उभे राहत. मजुरांत सगळ्या जातीधर्माचे लोक असत. तेही थांबत. रविवारी काम बंद. चर्चमध्ये डावीकडचा तिसरा बाक. एरवी आवाज भरड होता, पण गीत सुरात म्हणत.

दानियल काका त्यांचा धाकटा मुलगा. काम आजोबांकडेच शिकला. दोन वर्षांपूर्वी त्यानं स्वतःची कंत्राटं घ्यायला सुरुवात केली आणि तिथे दोघांचं बिनसलं. मातीच्या थरात विहीर खणली की आधी दगडी बांधकाम करून माती धरायची आणि मगच खालच्या खडकाला सुरुंग लावायचा, ही आजोबांची पद्धत. काका म्हणायचा, यात महिना जातो. तो आधी सुरुंग लावायचा. चर्चच्या आवारात आजोबा त्याला म्हणाले होते, "तुझ्या हाताखाली माणसं असतात, दानियल." त्यानंतर दोघं बोलले नव्हते. नाताळात काका मागच्या बाकावर बसला.

रजेच्या नवव्या दिवशी सकाळी आजोबा म्हणाले, "गाडी काढ. पेठकडे जायचंय. दानियलची विहीर बघतो एकदा."

मित्राची मोटारसायकल होती. सातला निघालो. पेठच्या अलीकडे मुख्य रस्ता सोडून आत एक पाडा आहे. नऊच्या सुमाराला पोचलो. विहीर तीस फूट गेली होती. वरचे वीस फूट पांढरी माती आणि मुरूम, खाली काळा दगड. बांधकाम कुठेच नव्हतं. आदल्या दिवशी सुरुंग उडवला होता. त्यानं झरा फुटला होता आणि डिझेल इंजिन पाणी बाहेर फेकत होतं. मलबा वर ओढायची यारी पूर्वेच्या काठावर उभी होती. तिच्या पायापासून दोन हातांवर जमिनीला भेग होती.

आजोबा भेगेपाशी बसले. आत बोट घातलं. दोन पेरं गेलं.

"दानियल, माणसं वर घे."

काका काठावर आला. दोन वर्षांनी ते समोरासमोर बोलत होते.

"एक तास, बाबा. कालचा मलबा काढतो. मग बांधकामच धरायचंय."

"आधी बांधकाम."

"पाऊस तोंडावर आलाय. आत्ता झालं नाही तर या बायका आणखी वर्षभर डोंगर उतरतील पाण्याला. ते दिसतंय ना तुम्हाला?"

"दिसतंय. तरी वर घे."

खाली चार माणसं होती, त्यातली तिघं काकानं वर पाठवली. फक्त सोमाला ठेवलं. सोमा पाड्यावरचाच, पंचविशीचा, ही विहीर त्याच्याच वस्तीची. आणि काका स्वतः खाली उतरला. आजोबा परत निघाले नाहीत. आंब्याखाली बसून राहिले, नजर भेगेवर.

दहा वाजून चाळीस मिनिटांनी पूर्वेची बाजू सुटली. आवाज मोठा नव्हता. पोतं ओतल्यासारखा. धूळ वर आली आणि इंजिनाचा आवाज बदलला. त्याचा पाइप खाली गाडला गेला होता.

मी काठाकडे धावलो. आजोबांनी दंड धरला. "उभा नको. पालथा."

पश्चिमेच्या काठानं पोटावर सरकत मी डोकावलो. सोमा छातीपर्यंत मातीत होता. काका त्याच्यापेक्षा उंचावर, ढिगाऱ्यावर, डावा पाय मांडीपर्यंत दगडाखाली. दोघं जिवंत होते. झऱ्याचं पाणी आता बाहेर जात नव्हतं.

यारी निकामी होती. खांब कलला होता. मी आंब्याला दोर बांधला, दुसरं टोक कमरेला, फौजेत शिकवतात तशी गाठ. पाड्यावरची आठ माणसं दोराला लागली. आजोबांनी त्यांना सांगितलं, "माझ्या तोंडाकडे बघा. मी म्हणेन तेव्हाच ओढायचं. दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाही." मग ते स्वतः एका फळीवर पालथे झाले, अशा जागी, की भेग आणि विहीर दोन्ही दिसतील. सत्तर वर्षांचे होते.

मी खाली उतरलो. वरून आवाज आला.

"पाणी कुणाला किती?"

"सोमाच्या बगलेपर्यंत. काकाच्या घोट्याला."

"वाढतंय?"

"वाढतंय."

"दानियलचा पाय?"

"दगड मोठा आहे. पहार लागेल. पंधरा-वीस मिनिटं."

"सोमाला?"

"जास्त लागतील."

काका माझ्याकडे बघत होता.

"आधी सोमाला काढ," आजोबा म्हणाले.

काकानं मान हलवली. "बाबा म्हणतात तसं कर, विजू. मी उकरतो इकडून."

आम्ही दोघं मिळून सोमाला मोकळं करू लागलो. काका अडकल्या जागेवरून वाकून हातानं माती ओढत होता. मी घमेल्यानं काढत होतो. पाणी सोमाच्या गळ्याशी आलं. तो ओरडला नाही.

"पाय नाय निघत, भाऊ," तो एकदा म्हणाला.

"निघेल. बोटं हलव."

"हलतात."

"मग निघेल," काका म्हणाला.

पस्तीस मिनिटांनी सोमा सुटला. मी माझ्या कमरेचा दोर त्याला बांधला. आजोबांनी हात वर केला, माणसांनी ओढलं. दोर परत खाली आला. मी तो पुन्हा कमरेला बांधला, पहार घेतली आणि काकाच्या दगडाखाली घातली.

दगड हलला. बोटभर. मी खाली दगडाची चीप सारली आणि पुन्हा जोर लावला. काकाच्या तोंडून आवाज निघाला, पण तो म्हणाला, "लाव, लाव." मांडी मोकळी झाली. आता गुडघ्याखालचं राहिलं होतं. आणखी पाच मिनिटं मिळाली असती तर पाय निघाला असता, असं मला तेव्हा वाटलं. आजही कधी कधी वाटतं.

"विजू, वर ये."

"पाच मिनिटं."

"वर ये!"

"आजोबा, निघतोय पाय!"

काकानं वर बघितलं. त्याला तिथून आजोबांचा चेहरा दिसत होता, मला नाही. त्यानं पहारीवरचे माझे हात सोडवले आणि मला छातीवर ढकललं.

आजोबा म्हणाले, "ओढा."

दोर ताणला गेला. मी शिव्या दिल्या, आजोबांनाही दिल्या. काठावर मला दोन माणसांनी धरून मागे खेचलं. मी पालथा पडलो होतो तेव्हा पोटाखालची जमीन हादरली. पूर्वेचा काठ यारीसकट आत गेला. अकरा वाजून एकतीस मिनिटं. सवयीनं घड्याळ बघितलं.

आजोबा फळीवरून उठले आणि काठाशी गुडघ्यावर बसले. त्यांनी काकाला हाक मारली, तीन वेळा. लहानपणी घरात मारायचे तशी, "दानू." मग टोपी काढली.

संध्याकाळी सहाला काका मिळाला. दुसऱ्या दिवशी शरणपूरच्या कबरस्तानात त्याला पुरलं. पाळकसाहेब घरी आले तेव्हा म्हणाले, प्रभूची इच्छा. आजोबा त्यांना म्हणाले, "साहेब, ओढा असं मी म्हणालो. ते प्रभूवर नका घालू." एवढंच. पाळकसाहेब बराच वेळ बसून राहिले.

उरलेली रजा मी घरात काढली, पण आजोबांशी धड बोललो नाही. युनिटला परतल्यावर सहा महिने पत्र लिहिलं नाही. काकूही त्यांच्याशी बोलत नव्हती. ते रोज तिच्या दारात भाजीची पिशवी ठेवायचे आणि परत यायचे. हे मला नंतर शेजाऱ्यांकडून कळलं.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये रजेवर आलो. आजोबा घरी नव्हते. पाड्यावर होते. विहीर पुन्हा खणायला घेतली होती. या वेळी रुंद तोंडाची, खालून वर बांधत आणलेली. सोमा त्यांच्या हाताखाली दगड देत होता, पाय किंचित ओढत. मी कपडे बदलले आणि कामाला लागलो.

चौथ्या दिवशी जेवायला बसलो असताना मी विचारलं, "तेव्हा पाच मिनिटं का नाही दिलीत?"

भाकरी त्यांनी खाली ठेवली. "भेग हातभर झाली होती. तिच्याकडे तुझी पाठ होती. मी दोघं घालवले असते."

"आणि आधी काकाला काढलं असतं तर?"

"तर सोमा बुडाला असता. दानियल निघाला असता." ते हे सहज म्हणाले नाहीत. "मला तेव्हाही ठाऊक होतं, विजू. देवाला रोज विचारतो, बरोबर केलं का. अजून काही सांगितलं नाही त्यानं."

"तरी प्रार्थना करता?"

"मग विचारू कुणाला?"

त्यांनी पुन्हा भाकरी हातात घेतली. दुपारी आम्ही आणखी दोन थर बसवले. बांधकाम पावसाआधी पुरं झालं. पाणी बारा महिने टिकतं, असं सोमा सांगतो. त्या वर्षीच्या नाताळात काकू आजोबांच्या बाकावर येऊन बसली. कोण आधी बोललं ते मला माहीत नाही. गीत मात्र आजोबांनी पुन्हा कधी म्हटलं नाही. सगळे म्हणत तेव्हा ते उभे राहत, पुस्तक उघडं धरून.

पुढे मी हवालदार झालो, मग सुभेदार. मलाही काही वेळा असे हुकूम द्यावे लागले. त्यांच्याबद्दल इथे लिहीत नाही. प्रत्येक वेळी हुकूम देणारा मी होतो, आणि तो दुसऱ्या कुणावर घातला नाही, एवढं सांगतो.

आजोबा २००६ च्या जानेवारीत गेले. मी पोचलो तेव्हा बोलणं बंद झालं होतं. हात धरला तर त्यांनी दाबला. काकाशेजारी जागा होती, तिथे पुरलं. सोमा पाड्यावरून अकरा माणसं घेऊन आला होता. कबरेत माती लोटताना त्यानं कुणाला फावडं दिलं नाही. शेवटपर्यंत त्यानंच लोटली.

आमच्या रेजिमेंटच्या स्थापनादिनी स्मारकापुढे शहीद जवानांची नावं वाचतात. आता निवृत्त झालो तरी मी जातो. मेडल लावून सावधान उभं राहायचं. शेवटचं नाव झालं की दोन मिनिटं शांतता. त्या दोन मिनिटांत मी मनात आणखी दोन नावं वाचतो. तशीच, पूर्ण, हुद्द्यासकट.

गवंडी दानियल शमुवेल पगारे.

गवंडी शमुवेल पगारे.