घाटापुरतं इंजिन

माझ्या बायकोच्या मामांना जगातली कुठलीही वस्तू आहे त्या जोरात चाललेली सोसत नाही. महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात त्यांनी सगळी नोकरी 'आमच्याकडे पाणी चढत नाही हो' ही एकच तक्रार ऐकत काढली आणि निवृत्त झाल्यावर त्याचा सूड घरातल्या यंत्रांवर उगवला. बिबवेवाडीतल्या त्यांच्या तळमजल्यावरच्या घरात मिक्सरला पाण्याच्या पंपाची मोटर आहे. तिच्यावर पहिल्यांदा वाटलेली खोबऱ्याची चटणी अजून छताला आहे आणि मामा ती पाहुण्यांना माना वर करायला लावून दाखवतात. दाराच्या घंटेच्या जागी त्यांनी कुठल्याशा बंद कारखान्याचा भोंगा बसवला, तेव्हापासून कुरिअरवाला पाकीट उंबऱ्याबाहेर ठेवून हाक मारतो. "मामा, एवढा मोठा कशाला?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "जावईबापू, असू द्या. जोर शिलकीत असावा माणसाच्या." त्यावर स्वयंपाकघरातून मामींचा आवाज आला, "आणि माझ्या डोक्याचा ताप? तो कशात धरलाय?"

पण हा सगळा नुसता सराव. मामांचा खरा जीव त्यांच्या गाडीत. लांब नाकाची, दोनच दरवाजांची, लालभडक अमेरिकन गाडी. तिकडची पोरं म्हणे असल्या गाड्यांच्या शर्यती लावतात. मामांनी ती तरुणपणी एका सरदार घराण्याच्या वारसाकडून घेतली, ती इंजिन बदललेलीच. मूळचं इंजिन पेट्रोल पिऊन पिऊन सरदारकी संपवायला निघालं होतं, म्हणून त्या वारसाने ते काढून टेम्पोचं छोटं डिझेल इंजिन बसवलं होतं. त्या काळी अशा गाड्यांची तीच रीत होती. त्यामुळे गाडी दिसायची वाघासारखी आणि खोकायची टेम्पोसारखी. मंडईकडे निघाली की ती दिसण्याआधी नुसत्या आवाजावर हमाल पोती उचलून पुढे येत.

सपाटीवर गाडी बरी चाले, चढ मात्र तिला मानवत नसे. आणि मामींचं माहेर शिरवळचं, म्हणजे वाटेत कात्रजचा जुना घाट आलाच. ठरलेल्या एका वळणावर गाडी धापा टाकू लागली की मामी पिशवी घेऊन उतरत आणि शेजारून चालू लागत. तेवढ्याने हलकी झालेली गाडी पहिल्या गिअरमध्ये त्यांच्या जोडीजोडीने बोगद्यापर्यंत चढे. दर सणाला हेच. असंच एकदा मामांच्या सासऱ्यांनी पाहुण्यांनी भरलेल्या ओसरीवर बशीतला चहा संपवून शांतपणे विचारलं, "जावईबापूंनी गाडी घेतली म्हणतात. मग आमची मुलगी चालत का येते?" पुढे सासरे गेले, बहुतेक वाहनं नव्या रस्त्याने जाऊ लागली, पण ते वाक्य मामांच्या मनातून गेलं नाही. माझ्या लग्नात, मी तोंडात जिलबी घातलेली असताना, ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले होते, "हिला एकदा त्या वळणावरून बसवून नेली, की मी मोकळा!" मला वाटलं, मामींचं काहीतरी आजारपण आहे.

गेल्या वर्षी जुन्या बाजारात हिंडताना त्यांना भंगारात निघालेल्या एका परदेशी जीपचं आठ सिलिंडरचं इंजिन दिसलं आणि मामा वर्गातली पहिली प्रेयसी भेटावी तसे लाजले. इंजिन घरी आलं ते नेमकं गणपतीच्या तोंडावर. पार्किंगमध्ये ठेवावं तर सोसायटी बोलणार, म्हणून दिवाणखान्यात ठेवलं, आणि मग गणपतीला जागा उरेना. मामांनी इंजिनावर पांढरी चादर टाकून त्याचा कैलास पर्वत केला आणि वर गणपती बसवला. "अशी भक्कम आरास पेठेतसुद्धा नसते," असं आरतीला आलेली मंडळी म्हणाली. सोसायटीच्या सेक्रेटरींना तेवढा मोदकाला ऑइलचा वास आला. गणपती गेले आणि पितृपक्ष लागला. माणूस अमेरिकन गाडी चालवत असला तरी पितृपक्षात नवं काम काढत नाही, त्यामुळे कैलास जागचा हलला नाही. मामी त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवू लागल्या. खंडेनवमीला इंजिनाला हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ पडली आणि दसऱ्याला त्याने दिवाणखान्याची सीमा ओलांडली.

इंजिन बसवायला नाना पेठेतले अन्वरमिस्त्री आले. त्यांनी एकदा इंजिनाकडे पाहिलं, एकदा गाडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, नवरदेव घोड्यापेक्षा मोठा आहे." इंजिन उचलायची साखळी मामा पार्किंगच्या तुळईला बांधणार होते, तेव्हा सेक्रेटरी वरच्या गॅलरीतून म्हणाले, "बांधा, बांधा. इंजिन वर नाही गेलं तरी बिल्डिंग खाली येईल." शेवटी लोखंडी पाइपांचं तिकाटणं उभं करून इंजिन आत उतरवलं. ते बसलं, पण वरचं बॉनेट बसेना. मिस्त्रींनी इंजिन खाली घेण्याचे उपाय सांगितले, मामांनी सरळ बॉनेटला गोल भोक पाडलं. दिवाळीच्या चिवड्यासाठी मामी मोठं पातेलं शोधू लागल्या, तेव्हा ते त्या भोकावर पालथं घालून, पक्कं बसवून, लाल रंगवलेलं सापडलं. मामी म्हणाल्या, "झाकण घरात ठेवलंत, उपकार झाले." आरटीओतल्या साहेबांनी कागद पाहून विचारलं, "गाडी जुनी, इंजिन दुसरंच. मालक तरी मूळचेच ना?" मामांनी तो गौरव समजून आभार मानले.

भाऊबीजेला आम्ही शिरवळला निघालो. मामा नव्या सदऱ्यात, मामी पुढच्या सीटवर, मी फराळाच्या डब्यांसह मागे. मागे जायला वेगळा दरवाजा नसल्याने मी घडी होऊन शिरलो होतो. कात्रज मागे पडलं आणि मामांनी पाय दाबला. काय सांगू! एवढी वर्षं दबलेलं काहीतरी त्या गाडीच्या पोटातून बाहेर आलं. झाडं भराभर मागे जाऊ लागली, पातेलं थरथरू लागलं. मामी काहीतरी म्हणाल्या. मामा ओरडले, "हो, हो! चढतेय!" मामी पुन्हा काही म्हणाल्या, मामा पुन्हा ओरडले. ते वळण आलं आणि मामींनी सरळ त्यांचा दंड धरला. "अहो, थांबवा."

"का? गरम झाली?"

"आधी बंद करा हे."

मामांनी इंजिन बंद केलं. मामी म्हणाल्या, "इथेच उतरायचे ना मी?"

"आता नाही उतरायचं! त्यासाठीच तर केलं ना सगळं!"

"ठाऊक आहे. पण मला आवडायचं हो ते." मामांचा हात किल्लीवरच राहिला. "शुक्रवार पेठेतल्या त्या दोन खोल्यांत आपलं एवढं खटलं. तुमच्याशी बोलावं म्हटलं तर भिंतीलासुद्धा नणंद. इथून बोगद्यापर्यंत तुम्ही काच खाली करायचात आणि आपण बोलायचो. धाकटीचं नाव इथे ठरलं. सासूबाई गेल्यावर तुम्ही रडलात, तेही इथेच. आज अर्धा घाट चढलो, तुमचा एक शब्द कानावर आला नाही माझ्या."

"मग बोलली का नाहीस इतकी वर्षं?"

"तुम्ही इंजिन शोधत होतात ना. म्हटलं, शोधू देत."

मला मागच्या सीटवर चकलीचा डबा पोटाशी धरून काय करावं ते कळेना. फार वाईट वाटलं मला मामांचं, आणि हेवाही वाटला. मामा उतरले, पलीकडून जाऊन त्यांनी मामींचा दरवाजा उघडला आणि किल्ली माझ्याकडे दिली. मी तोवर स्कूटरपलीकडचा जोर हाताळलेला नव्हता. पुढे मामींच्या गुडघ्यांच्या चालीने ते दोघं, मागे ते आठ सिलिंडर आणि मी, असे आम्ही बोगद्यापर्यंत पोहोचलो. ते काय बोलले ते इंजिनाच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही.

शिरवळला दारात मामींचा भाऊ उभाच होता. ताईच्या चपलांवरची धूळ पाहून वडिलांच्याच चालीवर म्हणाला, "काय दाजी, आजही ताईला चालवत आणलंत?" या प्रश्नाचं उत्तर मामांनी किती वर्षं घोटून ठेवलं होतं, आम्हा सगळ्यांना ते पाठ होतं. मी ते ऐकायला पुढे सरसावलो. मामा म्हणाले, "हो, आणलं चालवत," आणि पाय धुवायला गेले.

यंदा मामींचे गुडघे अगदीच बसले. घाट राहिला, पार्किंगपर्यंत जायचं तरी मामांचा हात लागतो. पण संध्याकाळी दोघं जाऊन गाडीत बसतात. इंजिन लावत नाहीत, काचा तेवढ्या खाली करतात. परवा सेक्रेटरी भाजी घेऊन येताना थबकले आणि म्हणाले, "काय मामा, बंद पडली वाटतं?"

मामा मामींकडे वळून काहीतरी सांगत होते. ते पुरं करून त्यांनी मान बाहेर काढली.

"नाही हो," ते म्हणाले, "घाट चढतोय."