घाटाची ट्रायल

आमच्या जुन्या व्हॅनच्या मागच्या सीटा काढून तिथं पलंग बसवला, तो हौसेपायी नव्हे. नवऱ्याच्या मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना तासभरही नीट बसवत नाही. एसटीनं जाणं तर शक्यच नाही. पलंगाखाली पाण्याची टाकी, लहान सिलिंडर, भांड्यांची पेटी, आणि पुढच्या सीटांमागं जाड पडदा. मी चालवायची, ते झोपून यायचे. चिखलीहून वडनेर भोलजीला नणंदेकडे जायचं, नाहीतर जळगाव जामोदच्या पुढं सातपुड्याच्या पायथ्याशी मुक्काम करायचा. ही गाडी नसती तर ते खोलीतून ओसरीपर्यंतच फिरले असते.

यंदा इंजिन तिसऱ्यांदा खोललं. मिस्त्री म्हणाला, "वहिनी, राजूर घाट चढली तर ठेवा. नाही चढली तर मले इचारू नका, इकून टाका."

मला हे पटलं. आमच्या सगळ्या वाटा त्या घाटातूनच खाली जातात.

रविवारी निघालो. नवरा म्हणाले, "आज मी पुढंच बसतो. इंजिनाचा आवाज आयकतो." बुलढाण्यापर्यंत ते मागे गेले नाहीत. दारावरचं हँडल घट्ट धरून होते. मला वाटलं, माझ्या चालवण्याला घाबरले. गाडी मात्र फार शांत चालत होती, एरवीचा मागचा खडखडाट नाही. मिस्त्रीनं काम चांगलं केलं असं मी मनात म्हटलं.

घाट उतरलो, खाली गाडी वळवली आणि परत वर आलो. एकदाही अडली नाही. वर आल्यावर चहा ठेवावा म्हणून मागचं दार उघडलं. आत नुसता पत्रा. पलंग नाही, टाकी नाही, सिलिंडर नाही.

"पलंग कोठं गेला?"

"घरी हाये. काल तू बाजारात गेली होती तवा शेजाऱ्यानं उतरवून देला."

"काऊन?"

"उगा वजन होतं. चढली ना गाडी?"

"मंग वडनेरले जाताना झोपणार कशावर?"

"चालते मले बसून."

त्यांच्या कपाळावर घाम होता आणि ओठ पांढरे पडले होते. मी पदरानं त्यांचा घाम पुसला. ते म्हणाले, "गाडी गेली तं मी पुन्हा घरातच पडून राहीन. तुले काय, तू कुठीबी जाशीन."

हे खोटं नव्हतं. पण त्यानं इंजिन सुधारत नाही. पत्र्यावर चादर अंथरून त्यांना झोपवलं आणि सावकाश घरी आणलं. पुढचे तीन-चार दिवस ते अंथरुणातून उठले नाहीत.

ते बरे झाल्यावर मी शेजाऱ्यालाच बोलावलं आणि सगळं होतं तसं परत गाडीत चढवून घेतलं. टाकीही काठोकाठ भरली. नवरा पलंगावर झोपले. पुन्हा घाट. चढताना अर्ध्यावर तापमानाचा काटा लालवर गेला, वाफ निघाली. गाडी कडेला घेतली.

"थांबली?" मागून आवाज आला.

"थांबली."

"दम खाऊ दे तिले."

"दम खाऊन वर जाईल. पण आता खर्च करायचा नाही हिच्यावर."

त्यांनी पलंगावर कूस बदलली. मग म्हणाले, "दुसरी घ्याची तं लांबीची पाहजो. माहे पाय बाहेर नाही राहिले पाह्यजे."

जुनी गाडी चिखलीतल्याच एका भाजीवाल्यानं घेतली. त्याची वाट सगळी सपाटीची. सेकंडहँड गाड्या पाहायला आम्ही दोघंही जातो. मी बॉनेट उघडायला लावते, टायर बघते. नवरा चपला काढून सरळ मागे शिरतात आणि पत्र्यावर लांब होतात. परवा एका विकणाऱ्यानं काळजीनं विचारलं, "काकू, काकाले चक्कर आली काय?"

"नाही," मी म्हटलं. "गाडी पाहून राह्यले."

तीत त्यांचे पाय गुडघ्यात दुमडत होते. ती सोडून दिली. उद्या मलकापूरला एक बघायची आहे.