आत्याचा अडेल संगणक

लग्न का केलं नाहीस असं कुणी विचारलं की आमची आत्या म्हणायची, "वेळ कुठे होता? मॅटर पडून होतं."

मॅटर म्हणजे टाइप करायचा मजकूर. तो तिच्या टेबलावर कायम पडलेला असायचा. वकिलांचे अर्ज, कॉलेजातल्या पोरापोरींचे प्रबंध, सोसायट्यांच्या नोटिसा आणि एका निवृत्त मास्तरांचं आत्मचरित्र. ते दर वर्षी लांबत चाललं होतं, कारण मास्तर अजून जगत होते.

घराची रस्त्याकडची खोली तिची. तिथे पूर्वी ती टायपिंगचे क्लास घ्यायची आणि मी शाळेतून आले की गल्लीच्या तोंडापासूनच खटखट ऐकू यायची. त्या आवाजावरून आत कोण बसलंय ते मी ओळखायचे. नवीन मुलगी असेल तर चिमणीने दाणे टिपावेत तसं अडखळत चालायचं, आणि आत्या स्वतः बसली असेल तर सरळ मुसळधार. आज इतक्या वर्षांनीसुद्धा तो आवाज आठवला की मला भूक लागते, कारण तो ऐकू आला म्हणजे घर आलं.

शिकवताना तिचा एकच नियम होता. यंत्रासमोर बसलं की आधी बोटं जागेवर. मधल्या ओळीवर आठही बोटं अलगद टेकवायची, पाठ ताठ, नजर मजकुरावर, आणि मगच बाकीचं जग. मांडीवर हात ठेवून बसलेली मुलगी दिसली की ती म्हणायची, "फोटो काढायला आलीयस का?" आमच्या भागातल्या निम्म्या कचेऱ्यांमधले कारकून अजून तसेच ताठ बसतात, ते तिचं काम.

मग टाइपरायटर गेले आणि संगणक आला. आत्याने कुरकुर केली नाही, पण सवयी जाता जात नाहीत. सुरुवातीला ओळ संपली की तिचा डावा हात आपोआप वर जाऊन टाइपरायटरचा, आता नसलेला दांडा ढकलायचा. त्यात एकदा पाण्याचा पेला आडवा झाला, एकदा बाबांचा चष्मा. बाबा म्हणजे तिचे थोरले भाऊ. ते निवृत्त होऊन घरी बसले होते, आणि घरी बसलेल्या माणसाला दुसऱ्याचं काम बघवत नाही. दिवसातून एकदा तरी ते दारात उभे राहून म्हणायचे, "पुरे आता. किती बडवशील?"

"थांबायचं तेव्हा मी थांबेन, दादा," आत्या मान वर न करता म्हणायची. "कुणी सांगितलं म्हणून नाही."

आणि मग संगणक अडायला लागला.

बटण दाबलं की पंखा घरघरायचा, पडद्यावर कंपनीचं नाव असलेलं पहिलं चित्र यायचं, आणि गाडी तिथेच रुतायची. पुढे नाही, मागे नाही. बंद करून पुन्हा लावला तरी तेच. मनात येईल तेव्हा बरा चालायचा, मनात येईल तेव्हा हटून बसायचा.

घरात संगणकातलं कळणारी मी एकटीच, म्हणजे तसा माझा समज. मी डबा उघडला. आतली धूळ काढली, तारा काढून पुन्हा घट्ट बसवल्या, मेमरीची पट्टी काढून तिचे पिवळे दात खोडरबराने घासले. उभ्याउभ्याच बटण दाबलं आणि संगणक शहाण्या बाळासारखा चालू झाला. मी सगळ्यांकडून कौतुक करून घेतलं. दुसऱ्या दिवशी आत्या कामाला बसली आणि तो पुन्हा तिथेच अडला. माझी चांगलीच जिरली.

मग दुरुस्तीवाला आला. तोही आत्याचाच विद्यार्थी, त्यामुळे तिच्यासमोर खुर्चीत बसायलासुद्धा बिचकत होता. डबा तो दुकानात घेऊन गेला आणि तिथे दिवसभर चालू-बंद करून पाहिला. एकदाही अडला नाही. परत आणून जोडला, त्याच्या हातून चालू झाला. त्याने चहा घेतला, गेला, आणि आत्या बसली की पुन्हा तेच. त्याने आतला छोटा सेल बदलला, एक तार बदलली. शेवटी डोकं खाजवत म्हणाला, "बाई, यंत्रात काही नाही. तुमच्या घरातली वीजच खराब आहे."

"नाचता येईना, अंगण वाकडं," आत्या म्हणाली, पण तिच्या आवाजात नेहमीची धार नव्हती.

बाबांना आयतंच निमित्त मिळालं. "बघ, यंत्रालासुद्धा कळलं. आता तरी ऐक."

भावाला आत्याने उलट उत्तर दिलं नाही असं मी पहिल्यांदाच पाहिलं आणि मला भीती वाटली. नवीन संगणक घेऊ या, असं मी सुचवलं तर ती म्हणाली, "नवा शिकायची उमेद नाही गं आता. हा गेला तर मीही उठते." त्या खोलीतून तिला असं कुणीतरी उठवावं, तेही एका पत्र्याच्या डब्याने, हे मला सहन होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला म्हटलं, "तू रोज बसतेस तशी बस. मी नुसती बघते." ती बसली. पदर सारखा केला, पाठ ताठ केली, बटण दाबलं आणि पडद्याकडे बघत राहिली. इतके दिवस आम्ही सगळेही तिकडेच बघत होतो, पडद्याकडे नाहीतर डब्याकडे. या वेळी मी तिच्याकडे बघितलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

बोटं जागेवर होती. टेकलेली नव्हती, दाबलेली होती. उजव्या हाताच्या दोन बोटांखालची बटणं खोल गेली होती. संगणक चालू होताना कीबोर्डवरचं एखादं बटण दाबलेलं असलं तर तो ते बटण सुटायची वाट बघत बसू शकतो, हे मला ठाऊक होतं.

"आत्या, बोट उचल."

"कुठलं?"

तिने खाली बघितलं. आपलं बोट दाबलेलं आहे हे तिला डोळ्यांनी बघून कळलं. मग मला आठवलं, गेल्या आठवड्यात तिने गॅसवरचं पातेलं फडक्याशिवाय उतरवलं होतं आणि आई ओरडली होती.

"हाताला समजतच नाही गं," ती म्हणाली. "कधीपासून ते ठाऊक नाही." तिने हात मांडीवर घेतले. संगणक पुन्हा लावला, तो सुरळीत चालू झाला. "म्हणजे हा बरा आहे," ती म्हणाली, आणि रडली. मीही रडले. डॉक्टर पुढे म्हणाले की बोटांची संवेदना परत येणं कठीण आहे, पण आहे तेवढी टिकवता येईल.

हात मांडीवर ठेवून बटण दाबायचं तिने ठरवलं, पण जन्माची सवय. समोर बसली की बोटं आपोआप जागेवर जायची आणि यंत्र अडायचं. दोनचार दिवस बाबा दारात उभे राहून हे बघत होते. मग एका सकाळी ती अंघोळीला गेली असताना ते खोलीत गेले, बटण दाबलं, पडदा पूर्ण उजळेपर्यंत थांबले आणि पेपर घेऊन बाहेर येऊन बसले. त्यानंतर ते रोजचंच झालं.

आत्याचं काम पुढे बराच काळ चाललं. आता ती खाली बघून, एकेक अक्षर हुडकत टाइप करायची. खोलीतून नव्या मुलीसारखा अडखळता आवाज यायचा. बाबांनी त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही.

मग एका सकाळी बाबा बटणापाशी वाकलेले असताना ती ओले केस पुसत दारात आली.

"आज नको लावूस, दादा."

"बरं वाटत नाहीये का?"

"छान वाटतंय. पण झालं आता."

बाबा तसेच वाकून राहिले. वर्षानुवर्षं त्या दारातून 'पुरे आता' म्हणणारा माणूस तो. त्यांनी हळूहळू कंबर सरळ केली, धाकट्या बहिणीकडे बघितलं आणि म्हणाले, "इतक्यात?"